आधी सुई, मग स्पीकर!

रेकॉर्ड प्लेअर घ्यायचाय? मग शोरूममध्ये शिरण्याआधी पाच मिनिटं इथे थांबा. तुमच्या खिशाचं आणि आजोबांच्या एलपींचं, दोन्हींचं भलं होईल!

सध्या कुणाच्याही नव्या फ्लॅटवर पार्टीला जा, हॉलमधला एक कोपरा ठरलेला असतो. मनी प्लांट, पिवळ्या दिव्यांची माळ आणि शेजारी फिकट निळ्या नाहीतर गुलाबी रंगाची एक छोटी सूटकेस. झाकण उघडलं की आत रेकॉर्ड प्लेअर! दिसायला एकदम क्यूट. फोटोत तर सॉलिडच. पण सुई टेकवली की आवाज येतो तो डब्यात तोंड घालून गायल्यासारखा. यजमान मात्र खूश. म्हणतो, ‘विंटेज साउंड आहे यार!’

नाही बॉस. हा विंटेज साउंड नाही. १९७० साली दादर-गिरगावातल्या ज्या घरात बऱ्यापैकी सिस्टीम होती, तिथे याहून कितीतरी चांगलं ऐकू यायचं. हा फक्त स्वस्त साउंड आहे.

एक मात्र खरं, हे वेड आता नुसतं फॅड राहिलेलं नाही. अमेरिकेत २०२० साली विनाइल रेकॉर्ड्सच्या विक्रीतून आलेला पैसा सीडींपेक्षा जास्त भरला. १९८६ नंतर पहिल्यांदाच! २०२२ साली तर नगांच्या हिशोबातही रेकॉर्ड्सनी सीडींना मागे टाकलं. आपल्याकडे काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ साली बंद झालं तेव्हा सगळ्यांनी हळहळत ‘संपलं सगळं’ म्हटलं होतं. आज त्यातलेच काहीजण ‘चांगला टर्नटेबल कोणता रे?’ म्हणून विचारतात.

गोची इथेच आहे. फोन घेताना आपण एक वस्तू घेतो. रेकॉर्ड प्लेअर ही एक वस्तू नाहीच मुळी. ती पाच जणांची टीम आहे, आणि टीममधला एक जरी ढिला निघाला की बाकीचे चार फुकट.

टीमची ओळख

पहिला, टर्नटेबल. म्हणजे फिरणारी थाळी आणि तिची मोटर. याचं काम एकच, तबकडी एका वेगात, न थरथरता फिरवायची. एलपी असेल तर मिनिटाला ३३ १/३ फेरे, छोटी तबकडी असेल तर ४५.

दुसरा, टोनआर्म आणि त्याच्या टोकाला बसलेलं कार्ट्रिज. सुई इथे असते. ती खाचेतून जाताना थरथरते आणि कार्ट्रिज त्या थरथरीची वीज करतं.

तिसरा, फोनो प्रीअॅम्प. याच्याबद्दल दुकानात फारसं कुणी बोलत नाही आणि घरी आल्यावर डोकेदुखी यानेच होते.

चौथा, अॅम्प्लिफायर. पाचवा, स्पीकरची जोडी.

आता तुम्ही म्हणाल, पैसे मर्यादित आहेत, मग जास्त कुणावर घालायचे? या प्रश्नावर जगभरातले ऑडिओवेडे गेली पन्नास वर्षं भांडताहेत. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने १९७०च्या दशकात आपला ‘सोंडेक एलपी१२’ टर्नटेबल विकताना सांगायला सुरुवात केली की, सगळ्यात महत्त्वाचा तो सोर्स. खाचेतून जे उचललंच गेलं नाही, ते पुढे कितीही महागडा स्पीकर लावलात तरी परत येणार नाही. दुसरी पार्टी म्हणते, उगाच भाव खाऊ नका! दोन टर्नटेबलांच्या आवाजात फरक असतो उन्नीस-बीसचा, दोन स्पीकरांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा.

खरं सांगायचं तर दोन्ही बाजूंचं बरोबर आहे. आवाजाच्या फरकाचा विचार केला तर स्पीकर जिंकतो. पण आपल्यासारख्यांच्या घरात एक वेगळी भानगड असते. आपल्याकडच्या रेकॉर्डी बहुतेक वेळा विकत घेतलेल्या नसतात, वारशाने आलेल्या असतात. आणि स्पीकर वाईट असला तर फक्त आपले कान किटतात. सुई वाईट असली तर रेकॉर्ड मरते. कायमची.

ट्रंकेतल्या ६२ एलपी

माझी एक मैत्रीण पवईला एका बँकेच्या ऑफिसात आहे. गेल्या वर्षी तिच्या आजोबांची गिरगावातली खोली रिडेव्हलपमेंटला गेली. सामान हलवताना माळ्यावरून एक ट्रंक खाली आली. आत ६२ तबकड्या. गीतरामायणाचा संच, पु.लं.ची ‘वाऱ्यावरची वरात’, किशोरीताईंची एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री असलेली एलपी, शिवाय बरंच काही.

तिचे बाबा म्हणाले, ‘‘अगं, हे सगळं यूट्यूबवर आहे. दे रद्दीवाल्याला.’’

सगळं नव्हतं. तिने दोन वीकेंड बसून एकेक नाव शोधलं. अकरा तबकड्या कुठेच सापडल्या नाहीत. त्यातली एक छोटी ४५ची होती. फारसं नाव न झालेल्या एका बाईंची दोन नाट्यगीतं. आजी लग्नाआधी त्या बाईंकडे गाणं शिकायला जायची. आजी आता ८४ वर्षांची आहे, आणि तिचे कान दर सहा महिन्यांनी थोडे थोडे कमी होताहेत. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, पुढे आणखी कमी होणार.

मैत्रिणीकडे दिवाळी बोनसचे ६० हजार होते. तिने मला फोन केला. म्हणाली, ‘‘तो सूटकेसवाला सात हजारांत मिळतोय. उद्या घरी येईल. घेऊ?’’

मी म्हटलं, ‘‘थांब. ती ४५ची तबकडी त्याच्यावर अजिबात ठेवू नकोस.’’

सुईचं गणित

आता हे ‘अजिबात नको’ का, ते समजून घेऊया. एलपीच्या एका बाजूवर एकच सलग खाच असते, बाहेरून आत वळत जाणारी. वीस मिनिटांच्या बाजूत तबकडी साधारण ६६७ वेळा फिरते. हिशोब केलात तर सुई तेवढ्या वेळात चारशे मीटरहून जास्त चालते. हिऱ्याचं टोक, खाली मऊ प्लास्टिक. सुईवर किती भार आहे, याच्यावर त्या खाचेचं आयुष्य ठरतं.

चांगल्या कार्ट्रिजला लागतो दीड ते दोन ग्रॅम भार. सुरुवातीच्या लोकांसाठी बऱ्याच टर्नटेबलांवर कंपनीच बसवून देते ते ऑर्टोफोनचं ‘२एम रेड’ घ्या, त्याला १.८ ग्रॅम सांगितलेले आहेत. सूटकेसवाल्या प्लेअरांत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. भार ५ ग्रॅमच्या आसपास. तो कमी-जास्त करायला मागे वजनही नसतं. शिवाय त्याची सुई वर-खाली हलायला कुचराई करते. स्टिरिओ तबकडीत आवाज खाचेच्या दोन्ही भिंतींवर कोरलेला असतो, म्हणजे सुईला आडवं आणि उभं दोन्ही हलायचं असतं. ताठ सुई हलत नाही, खरवडते. एकदा ऐकून जग बुडत नाही, पण रोज ऐकलंत तर तार सप्तकातली धार आणि ‘स’, ‘श’ सगळ्यात आधी जातात. गेलेलं परत येत नाही.

म्हणून नियम पहिला : टोनआर्मच्या मागे वजन फिरवून भार ठरवता येतो का, किंवा कंपनीने चांगल्या कार्ट्रिजसाठी तो आधीच नीट बसवलेला आहे का, ते बघा. आणि सुई बदलता येते का, तेही विचारा. दोन्हीला ‘नाही’ उत्तर आलं तर सरळ दुकानाबाहेर या.

कार्ट्रिजमध्ये दोन जाती आहेत. मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम, आणि मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी. एमएममध्ये सुईच्या दांडीला चुंबक लावलेलं असतं, एमसीमध्ये तारेचं वेटोळं. एमएमची सुई झिजली की बहुतेक वेळा नुसती सुई ओढून काढायची आणि नवी घालायची. एमसीमध्ये सहसा पूर्ण कार्ट्रिजच बदलावं लागतं. १९६२ साली जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनलेलं डेनॉनचं ‘डीएल-१०३’ हे एमसी आजही बनतं आणि त्याचे भक्त आजही त्याच्या नावाने शपथा घेतात. पण पहिली सिस्टीम लावताय ना? डोळे मिटून एमएम घ्या.

सुईचं टोक दोन तऱ्हांचं मिळतं, गोल आणि लंबगोल. दुकानदार त्याला कोनिकल आणि इलिप्टिकल म्हणेल. लंबगोल थोडं महाग, पण पैसे वसूल. कारण एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच जाते, तर आतल्या कडेला जेमतेम २०-२२. तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं! म्हणून बाजूचं शेवटचं गाणं बऱ्याचदा खरखरतं. आणि आपल्या शास्त्रीय गाण्यात शेवटाला काय असतं? द्रुत! तिथेच तानांचा चिवडा झाला तर काय मजा? लंबगोल टोक त्या बारीक वळणांत जास्त नीट बसतं.

सुई अमर नसते, हेही लक्षात ठेवा. साधारण ५०० ते १००० तास. रोज तासभर ऐकत असाल तर दीड-दोन वर्षांनी एकदा तपासून घ्या.

बेल्ट की डायरेक्ट?

टर्नटेबलच्या दुकानात पहिला प्रश्न हा येतो. बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला असते आणि रबरी पट्टा थाळी फिरवतो. मोटरची थरथर पट्ट्यातच विरते. पट्टा काही वर्षांनी सैल पडतो, बदलावा लागतो, पण ते दोन मिनिटांचं काम. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये थाळी थेट मोटरवर बसते. झटकन वेग पकडते, वेग हलत नाही. म्हणून तर १९७२ साली आलेला टेक्निक्सचा ‘एसएल-१२००’ जगभरच्या डीजेंचा देव झाला. २०१० साली कंपनीने तो बंद केला, लोकांनी इतका गळा काढला की २०१६ साली परत आणला.

घरी निवांत ऐकायचं असेल तर फार डोकं लावू नका. त्याच पैशात ज्याचा टोनआर्म आणि कार्ट्रिज चांगलं, तो घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. न्यू जर्सीचा मावसभाऊ येताना तिथला सेकंडहॅण्ड टर्नटेबल फुकटात आणतो म्हणाला, तर लगेच ‘आण रे’ म्हणू नका. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर मिळेल, पण जुन्या एसी मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. ३३ १/३ ऐवजी थाळी २७-२८ फेरे मारील. आवाज तीन स्वर खाली! काळी चारची गायिका थेट पांढरी चारला येऊन पोचेल. काही मॉडेलांत यावर तोड असते, डीसी मोटरवाल्यांना हा त्रास नसतोच. म्हणून आधी मागच्या प्लेटवरचा फोटो मागवा, मग हो म्हणा.

मधला गुपचूप खेळाडू

आता तिसरा गडी, फोनो प्रीअॅम्प. एमएम कार्ट्रिजमधून निघणारी वीज असते पाचेक मिलिव्होल्ट. अॅम्प्लिफायरच्या साध्या इनपुटला लागते त्याच्या साधारण शंभरपट. ते वाढवण्याचं काम याचं.

पण दुसरं काम जास्त गमतीचं आहे. रेकॉर्ड बनवताना खालचे सूर मुद्दाम दाबतात आणि वरचे मुद्दाम वाढवतात. का? तबल्याचा डग्गा जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद वळेल की एका बाजूवर पाच-सात मिनिटंच मावतील. आणि वरचे सूर वाढवून कोरले की वाजवताना ते परत कमी करता येतात, त्यांच्याबरोबर पृष्ठभागाची खरखरही कमी होते. या दाबण्या-वाढवण्याचं माप अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, १९५४ साली ठरवलं. फोनो प्रीअॅम्प ते माप उलटं लावून गाणं पूर्ववत करतो.

म्हणूनच टर्नटेबलची वायर थेट टीव्हीच्या साउंडबारला किंवा होम थिएटरच्या ‘ऑक्स’ला लावली की आवाज बारीक, चिरका आणि बिनडग्ग्याचा येतो. प्लेअर बिघडलेला नसतो, तिसरा गडी मैदानात नसतो!

तो तीन ठिकाणी सापडू शकतो. एक, टर्नटेबलच्याच पोटात. मागे ‘फोनो-लाइन’ असं बटण दिसतं. दोन, अॅम्प्लिफायरमध्ये. ‘फोनो’ लिहिलेलं इनपुट असतं. तीन, वेगळी छोटी डबी. कुठेही चालेल, पण एकाच ठिकाणी हवा. दोन्हीकडचे एकदम चालू केलेत तर आवाज फाटतो. आणि टर्नटेबलमधून एक बारीक एकटी तार लोंबत असेल तर ती कापू नका. ती ग्राउंडची. अॅम्पच्या स्क्रूला बांधा, ‘हुंऽऽऽ’ असा आवाज गायब.

‘शब्द कुठे आहेत रे?’

स्पीकर घ्यायला मैत्रीण आजीलाच घेऊन गेली. ऐकणार आजी, मग निवडायचं कुणी?

दुकानातल्या मुलाने आधी ठेवणीतलं गाणं लावलं. पाश्चात्त्य, भरपूर बास, छातीत धडधड. मोठे स्पीकर, माणसाच्या कमरेइतके उंच. मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, बास बघा ना!’’ मग मैत्रिणीने बरोबर नेलेली एलपी लावायला सांगितली. आजीने दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, ‘‘बाळा, शब्द कुठे आहेत रे?’’

मुलाने निम्म्या किमतीची छोटी जोडी लावली. साडेपाच इंचांचा वूफर, शेल्फवर मावतील अशी. आजी म्हणाली, ‘‘हां. आता गातेय ती.’’

झालं! एका वाक्यात स्पीकर निवडीचा सगळा फंडा आला. माणसाचा आवाज, हार्मोनियम, तंबोरा, सगळी मजा मधल्या सुरांत असते. शब्द कळायला लागणारी व्यंजनं साधारण २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, आणि वयाबरोबर कान आधी वरच्या बाजूनेच जातात. १० बाय १२च्या खोलीत कमरेइतके स्पीकर लावलेत तर बास भिंतींत घुमतो आणि शब्द त्याखाली बुडतात. म्हणून दुकानात जाताना स्वतःची, पाठ असलेली रेकॉर्ड न्या. दुकानाच्या गाण्यावर सगळेच स्पीकर भारी वाटतात.

स्पीकरच्या कागदावर दोन आकडे बघा. पहिला सेन्सिटिव्हिटी. एका वॉटवर एक मीटरवरून किती डेसिबल आवाज येतो, ते. ८९चा स्पीकर जेवढ्या जोरात वाजतो तेवढा ८६चा वाजवायला अॅम्पला दुप्पट वॉट द्यावे लागतात. दुसरा इम्पिडन्स, ओहममध्ये. अॅम्पवर ‘६ ते १६ ओहम’ लिहिलं असेल तर ४ ओहमचा स्पीकर जोडू नका, अॅम्प तापेल.

अॅम्प किती वॉटचा? इथे लोक फार फसतात. डब्यावर ‘२००० वॉट’ छापलेलं वाचून हरखून जाऊ नका. घरी बोलण्याइतक्या आवाजात गाणी ऐकताना खरं तर एक-दोन वॉटच लागतात. दर चॅनलला ३०-४० खरे वॉट असतील तर तुमच्या हॉललाच काय, वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही पुरतील.

ज्यांना हा वायरींचा संसारच नको, त्यांच्यासाठी पॉवर्ड स्पीकर आहेत. अॅम्प स्पीकरच्याच पोटात. फोनो प्रीअॅम्प असलेला टर्नटेबल आणि पॉवर्ड स्पीकर, बस्स, टीम पूर्ण. भाड्याच्या घरात दर अकरा महिन्यांनी पेट्या बांधणाऱ्यांना हेच बरं. ब्लूटूथवाला टर्नटेबलही मिळतो. शुद्धतावादी नाक मुरडतात, पण ब्लूटूथने रेकॉर्डला काही होत नाही. सुई नीट असली की झालं. फक्त वायर जोडायची सोय आहे ना, एवढं बघा.

६० हजारांचं वाटप

मैत्रिणीने शेवटी असं वाटप केलं. टर्नटेबल आणि कार्ट्रिज, २५ हजार. स्पीकर, १७ हजार. अॅम्प, फोनो इनपुट असलेला, जुना पण तपासून घेतलेला, ११ हजार. उरलेल्या सातमध्ये साफसफाईचं सामान, सुईचा भार मोजायचा छोटा काटा, साध्या तांब्याच्या वायरी, जादा सुई आणि भक्कम लाकडी स्टँड. दुकानदार म्हणाला, ‘‘मॅडम, केबल भारी नसेल तर सगळं फुकट.’’ स्पीकरची एक केबल आठ हजारांची होती. तिने हात जोडले. तीन-चार मीटरच्या अंतराला नीट जाडीची साधी तांब्याची वायर पुरते, तेवढ्या पैशांत कार्ट्रिज एक पायरी वर जातं.

तुमचं बजेट निम्मं असेल तर? टीम तीच, फक्त अॅम्प आणि स्पीकर एकत्र करा. सुईवर मात्र काटछाट नको. स्पीकर पुढच्या बोनसला बदलता येतात, खाच बदलता येत नाही.

जुनं ते सोनं?

सेकंडहॅण्डवाल्यांनो, तुमच्यासाठी. मुंबईत चोर बाजाराची मटण स्ट्रीट, पुण्यात जुना बाजार. फिरायला झकास, पण पितळी भोंग्याच्या ‘अँटिक’ ग्रामोफोनला भुलू नका. त्यातले कित्येक नव्याने जुळवलेले असतात, आणि त्यावर एलपी तर कधीच ठेवायची नाही. त्याची पोलादी सुई आणि जड साउंडबॉक्स एका फेऱ्यात तिचं भरीत करतील.

जुना अॅम्प घेताना सगळी बटणं फिरवून बघा. खरखर येते का? दोन्ही बाजूंचे स्पीकर सारखे वाजतात का? अर्धा तास चालू ठेवा, हात लावून बघा. टर्नटेबलवर थाळी हाताने फिरवा, डुगडुगता कामा नये. टोनआर्म सगळीकडे विनाअडथळा सरकला पाहिजे. आणि जुन्या प्लेअरबरोबर आलेली सुई कितीही ‘ओरिजिनल’ असली तरी फेकून द्या. किती तास चाललीय, कुणाला ठाऊक?

ट्रंकेत जाड, जड, ठिसूळ तबकड्या निघाल्या तर त्या ७८च्या. लाखेच्या. भारतात त्या साठच्या दशकातही निघत होत्या, बीटल्सची गाणीसुद्धा आपल्याकडे ७८वर आली होती! त्यांची खाच एलपीपेक्षा खूप रुंद. एलपीची सुई त्यात तळाशी खरडत जाते. त्यांना ७८ फेरे देणारा टर्नटेबल आणि वेगळी जाड सुई लागते. आणि त्या स्पिरिट किंवा अल्कोहोलने पुसू नका. लाख विरघळते.

घरी आणल्यावर

आपल्या घरांत तीन शत्रू असतात. ऊन, पाऊस आणि पंखा! उन्हाच्या खिडकीशी एलपी ठेवली की वाकते. पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून बंद ट्रंकेत न ठेवता हवा लागेल अशी ठेवा, आणि नेहमी उभी. एकावर एक रचून नको. आणि पंखा धूळ उडवतो, ती खाचेत बसते. वाजवण्याआधी दर वेळी कार्बन फायबरचा ब्रश फिरवा.

टर्नटेबल आणि स्पीकर एकाच टेबलावर ठेवू नका. स्पीकरची थरथर सुईपर्यंत पोचते आणि आवाज गुरगुरायला लागतो. टर्नटेबलखाली पाणसळ ठेवून तो सपाट आहे का बघा, फोनमधल्या अॅपनेही काम भागतं. स्पीकर कानाच्या उंचीवर, मागच्या भिंतीपासून थोडे पुढे, आणि तुम्ही व दोन स्पीकर मिळून सारख्या बाजूंचा त्रिकोण. फुकटात मिळणारी ही सगळ्यात मोठी सुधारणा!

मैत्रिणीने सगळं लावून, सुईचा भार काट्यावर मोजून, ती ४५ची तबकडी धुऊन वाळवून मगच वाजवली. पहिल्याच वेळी फोनवर रेकॉर्ड न करता अॅम्पमधून लॅपटॉपवर नीट उतरवून घेतली, म्हणजे मूळ तबकडी रोज झिजवायला नको. आजी तीन मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘बाईंचा खर्ज असाच होता.’’ आणि लगेच, ‘‘दुसरी बाजू लाव.’’ बाबा आतून येऊन दारात उभे राहिले होते. रद्दीवाल्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

तर मंडळी, महिनाअखेर आहे, क्रेडिट कार्ड खिशात वळवळतंय, समजू शकते. पण आधी घरी फोन करा. माळ्यावर, कपाटाच्या मागे, मामाकडे काय पडलंय ते विचारा. ३३ आहेत, ४५ आहेत की ७८, ते बघा. कुठल्या रेकॉर्डी आहेत, कोण ऐकणार आहे, खोली केवढी आहे, हे कळलं की कुठली सिस्टीम घ्यायची ते अर्धं ठरलंच. उरलेलं अर्धं दुकानात ठरेल, तुमच्या स्वतःच्या एलपीवर. आणि दुकानातला मुलगा ‘बास बघा ना’ म्हणाला, की काय विचारायचं ते आता तुम्हाला माहीत आहे!